शॉवरची ओल परत परत का येते: सांधे भरून थकलेल्यांसाठी

शॉवरच्या पलीकडच्या खोलीत, कपाटामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर डाग पडतो. आधी रंग फुगतो, मग पोपडे सुटतात, मग बोटाला पिठासारखी पांढरी पावडर लागते. खरवडून पुट्टी भरली, रंग मारला की चार-पाच महिने शांतता. मग तोच डाग, त्याच जागी, आधीपेक्षा जरा रुंद.

आमच्याकडे हे तीनदा झालं. पहिल्या खेपेला टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं. दुसऱ्या खेपेला जुने सांधे कोरून काढले आणि चांगल्या प्रतीचं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा तयार मसाला, भरलं. तिसऱ्या खेपेला कुणीतरी सुचवलं म्हणून एक पारदर्शक पाणीरोधक द्रव ब्रशने फिरवला. ज्यांनी ही कामं केली त्यांनी ती नीटच केली होती. पण तिन्ही उपाय टाइलच्या तोंडावर झाले आणि दुखणं होतं पाठीमागे.

शेवटी बाथरूमचं काम काढलं तेव्हा तो शॉवर मुळापासून उखडला आणि नवा बांधला. त्यात जे कळलं ते, आणि फोडण्याआधी जे तपासायला हवं होतं ते, इथे लिहिते आहे.

टाइल गळत नाही, तर पाणी जातं कुठून

टाइलच्या चकाकत्या पृष्ठभागातून पाणी आत जात नाही, हे खरं. पण शॉवर म्हणजे नुसत्या टाइल्स नव्हेत. त्यांच्यामध्ये सांध्यांचं जाळं असतं आणि सिमेंटचं ग्राउट कितीही घट्ट भरलं तरी पाणी पितं. रोज अंघोळ झाली की त्यातून थोडं पाणी मागच्या थरात उतरतं. थोडं वाळतं, थोडं राहतं. घरात चार माणसं पाठोपाठ अंघोळ करत असतील तर वाळायला वेळच मिळत नाही आणि टाइलमागचा मसाला कायम ओला राहतो.

म्हणून टाइल आणि ग्राउट हा पाणी अडवणारा थर नव्हेच. पाणी अडवायचं काम त्यांच्या मागच्या वॉटरप्रूफिंगचं. ते धड असेल तर आत उतरलेलं पाणी उताराने नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाकडे जातं किंवा हळूहळू वाळतं, पलीकडे काही दिसत नाही. ते फाटलं असेल, अपुरं असेल किंवा मुळात नसेलच, तर वरून तुम्ही काहीही भरा.

पांढरी पावडर हा याचाच पुरावा. सिमेंटमधला चुना पाण्यात थोडा विरघळतो, पाण्याबरोबर भिंतीतून प्रवास करतो आणि पृष्ठभागावर आला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा खार होऊन बसतो. इतरही क्षार त्यात असतात. खार फुटला याचा अर्थ पाणी भिंतीतून आरपार चाललं आहे. पेल्यातून एकदा सांडलेल्या पाण्याने असं होत नाही.

त्या पारदर्शक द्रवाबद्दल माझं मत वाईट आहे. तो सांध्याची तहान काही काळ कमी करतो, पण कोपऱ्यातली भेग तो सांधत नाही. शिवाय भेगेतून आत गेलेल्या पाण्याला पुढून वाळायची वाट बंद होते, मग ते मागे पलीकडच्या भिंतीकडेच सरकतं. आमचा डाग तिसऱ्या खेपेनंतर सगळ्यात लवकर परतला.

फोडण्याआधी: पाणी नक्की कुठलं?

हातोडा उचलायची घाई करू नका. शॉवरच्या भिंतीत पाणी येण्याच्या वाटा तीन-चारच आहेत आणि त्या एकेक करून तपासता येतात. सगळी मिळून दोनेक आठवड्यांची तपासणी आहे. आम्ही ती पहिल्याच वेळी केली असती तर तीन रंगकामं वाचली असती.

सुरुवातीला डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. डाग वाढला की वाटतं आहे, यातला फरक ही रेघ सांगते. मग डागावर हातभर लांबीरुंदीचं जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि एक दिवस थांबा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर पाणी होते आहे, म्हणजे प्रश्न खेळत्या हवेचा आहे. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे जमले तर ओल भिंतीतूनच येते आहे.

त्यानंतर पाइप. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून ठेवा आणि रात्रभर कुणीही पाणी वापरू नका. सकाळी आकडा पुढे गेला असेल तर दाबाखालचा पाइप कुठेतरी गळतो आहे. पण इथे एक मेख आहे. शॉवरच्या कॉकपासून वर शॉवरच्या तोंडापर्यंतचा भिंतीतला पाइप कॉक उघडल्यावरच भरतो. तो फुटला असेल तर मीटरच्या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी शॉवरचं तोंड काढा, तिथे टोपण घट्ट बसवा, कॉक उघडा आणि तासभर तसंच ठेवा. मीटर हलला किंवा डागाच्या आसपास ओल वाढली, तर चोर सापडला. मग अख्खा शॉवर फोडायची गरज नाही.

तिसरी वाट सांडपाण्याची. जमीन ओली न करता, नरसाळं लावून बादल्याच्या बादल्या पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये ओता. जमिनीवर थेंब पडू द्यायचा नाही, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही. डाग हलला तर ट्रॅपखालचा सांधा किंवा पाइप दोषी.

चौथी चाचणी तळाची, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा, शॉवरमध्ये उंबऱ्याच्या खालपर्यंत दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरा, पातळीपाशी पेन्सिलने खूण करा आणि २४ तास ठेवा. शेजारी एका बादलीत तेवढंच पाणी ठेवून तिच्यातही खूण करा. बादलीत जेवढं घटेल ते बाष्पीभवन. तळातलं पाणी त्याहून जास्त घटलं तर ते जमिनीत मुरलं. आमच्याकडे बादलीत दोन मिलिमीटर घट झाली आणि तळात अकरा. खाली दुसऱ्या कुणाचं छत असेल, त्यात दिवे असतील, तर आधी सांगून ठेवा आणि ठिबकायला लागलं की तिथेच चाचणी थांबवा.

शेवटची चाचणी भिंतींची. ट्रॅप उघडा ठेवून हातशॉवरने भिंतीचा एकेक पट्टा भिजवा, खालून सुरू करून वर जा. एका पट्ट्याला पंधरा-वीस मिनिटं द्या. वरून सुरू केलं तर पाणी खाली ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही.

प्रत्येक चाचणीनंतर दोन दिवस जाऊ द्या. भिंतीतलं पाणी सावकाश चालतं. आज भिजवलेलं परवा दिसतं. सगळ्या चाचण्या एकाच रविवारी उरकल्या तर कोणत्या पाण्याने डाग हलला, हे कुणालाच सांगता येणार नाही.

याच वेळी टाइल्सही वाजवून बघा. हातोड्याच्या लाकडी दांड्याने किंवा नाण्याने एकेक टाइल ठोका. भरीव टाइल ठण वाजते, पोकळ टाइल बद्द. एखाददुसरी बद्द वाजली तर चालतं. खालच्या दोन रांगा सलग बद्द वाजल्या आणि तळाची चाचणीही नापास झाली, तर पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच कळेल.

फक्त कोपऱ्यातल्या भरणाला भेग असेल आणि बाकी सगळं पास असेल, तर जुनं भरण काढून, कोपरा पूर्ण वाळवून सिलिकॉन भरा. कदाचित तेवढ्याने भागेल. पण तळ नापास झाल्यावर 'नुसती जमीन बदलू, भिंती चांगल्या आहेत' हा मोह टाळा. जमिनीचं नवं वॉटरप्रूफिंग भिंतीवर चढवायचं तर भिंतीच्या खालच्या निदान दोन रांगा काढाव्याच लागतात आणि नव्या-जुन्याचा जोड नेमका सगळ्यात ओल्या जागी येतो.

जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायचा सल्लाही मिळेल. शॉवरमध्ये तो घेऊ नका. खालचा ओला थर कायमचा झाकला जातो, जमीन उंबऱ्याच्या जवळ येते आणि ज्या भिंतीचा जुना थरच सुटलेला आहे तिच्यावर आणखी वजन टांगलं जातं.

उघडल्यावर काय दिसलं

फोडण्याआधीच्या तयारीत दोन गोष्टींना कमी लेखू नका. टाइल आणि सिमेंट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती १९९७ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क लागतो, आणि कापकाम पाणी सोडत करायचं. दुसरं म्हणजे घर जुनं असेल तर टाइलमागचे सिमेंटचे पत्रे किंवा काळपट चिकट थर यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. शंका आली तर तुकडा तपासून घेतल्याशिवाय फोडू नका. आणि ट्रॅपच्या तोंडात आधी फडकं कोंबा. मलबा आत गेला तर नवा शॉवर तुंबलेल्या पाइपवर उभा राहतो.

आमच्या मिस्त्रीकाकांनी दुसऱ्या रांगेपासून सुरुवात केली. छिन्नी सांध्यात घातली, दोन हलके ठोके दिले आणि टाइल अख्खीच्या अख्खी त्यांच्या हातात आली. ती उलटी करून त्यांनी मला दाखवली. पाठ कोरी होती. फॅक्टरीतून निघताना असेल तशी, सिमेंटचा कण नाही. भिंतीवर फाशावरच्या पाचासारखे मसाल्याचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत काळपट पाणी साचलेलं, आणि वास बंद पडलेल्या माठासारखा.

पाठ कोरी का, तर ती टाइल पोर्सिलेनची होती. पोर्सिलेन टाइल आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. साधं सिमेंट टाइलच्या छिद्रांत शिरून धरतं. इथे छिद्रंच नाहीत तर ते धरणार कशाला? जुन्या सच्छिद्र टाइल्स पाण्यात भिजवून सिमेंटवर बसवायची रीत चालून जायची. तीच रीत पोर्सिलेनला लावली की काही वर्षांनी टाइल नुसती ग्राउटच्या आधाराने उभी राहते.

मग जमीन उघडली. खाली वॉटरप्रूफिंगचा थर होता, अगदी नव्हता असं नाही. पण तो भिंतीपर्यंत जाऊन तिथेच संपला होता, वर चढलाच नव्हता. ट्रॅपच्या भोवतीही दोन बोटं जागा सोडून तो थांबला होता. काका उकिडवे बसले, कोपऱ्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, यांनी पाट टाकलाय, परात नाही."

आमचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात आलं. पाटावर पाणी ओतलं तर कडेने खाली जाणारच. शॉवरच्या तळाला कड वर वळलेली परात हवी, आणि परातीला भोक एकच: नहाणी ट्रॅपचं.

परात बांधणे

जे सुटतं ते सगळं काढा. 'हे अजून घट्ट आहे' म्हणून ठेवलेला गिलाव्याचा ओला तुकडा पुढे त्रास देतोच. उघडं झाल्यावर वाळू द्या. किती दिवस, ते प्लास्टिकच्या त्याच चाचणीवर ठरवा. आम्हाला तीन आठवडे लागले आणि घरात त्यावरून कुरबुरही झाली.

भिंती बंद करण्याआधी पाइपचं काम पूर्ण करून दाब देऊन तपासा. मग मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक पाइपचा फोटो काढा. पुढे कधी भिंतीला भोक पाडायचं झालं तर हा फोटो सोन्याचा ठरतो. भिंतीला जिप्समचा बोर्ड किंवा जिप्समचा गिलावा शॉवरच्या आत नको. भिजला की तो मऊ पडतो. सिमेंटचा गिलावा किंवा सिमेंट बोर्डच हवा.

आता उतार. इथे बरेचजण चुकतात आणि चूक दिसतही नाही, कारण वरच्या टाइलला उतार बरोबर असतो. उतार वॉटरप्रूफिंगच्या खालच्या थराला द्यायचा असतो. खालचा थर सपाट ठेवून नुसता वरचा मसाला उतरता केला, तर सांध्यांतून आत गेलेलं पाणी परातीच्या सपाट तळावर तसंच साचून राहतं. मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार पुरतो. हिशेब सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून करा. ट्रॅपपासून तो कोपरा सव्वा मीटरवर असेल तर दोन टक्क्यांनी तिथली जमीन अडीच सेंटिमीटर उंच हवी. लेव्हल लावून बघाच, पण मुलांची काचेची गोटी चारी कोपऱ्यांतून सोडून बघा. आमची एका कोपऱ्यात सोडलेली गोटी भिंतीकडे गेली. काकांनी तो भाग निमूटपणे पुन्हा केला.

जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवू नका. मसाल्याने गोलसर वाटा मारा, म्हणजे कोपरा भरून त्याला गोलाई द्या. तीक्ष्ण कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा लेप ताणला जातो आणि तडकतो. वाट्यावर लेपाचा पहिला हात ओला असतानाच जाळीची पट्टी दाबून बसवायची आणि तिच्यावर पुन्हा लेप. पाइप भिंतीतून बाहेर येतात त्या प्रत्येक जागी आणि ट्रॅपच्या भोवती तीच तऱ्हा. ट्रॅपच्या तोंडाच्या कडेवर लेप चढून आत वळलाच पाहिजे. आमच्या जुन्या शॉवरमध्ये नेमकी हीच दोन बोटं सुटली होती.

लेप म्हणजे सिमेंट आणि पॉलिमरचा दोन भागांचा लेप असू शकतो, तयार द्रव असू शकतो किंवा चिकटवायची शीट. तिन्ही चालतात. चालत नाही ती घाई. दोन भागांच्या लेपात जास्तीचं पाणी घालून तो पातळ करू नका. मजुराला फिरवायला सोपा जातो आणि थर कमकुवत होतो. दोन हात द्या, पहिला आडवा मारला असेल तर दुसरा उभा. दोन हातांना दोन वेगळे रंग मिळाले तर उत्तम, कारण राहिलेली जागा लगेच डोळ्यांत भरते. जाडी तपासायचा सोपा उपाय म्हणजे डब्यावर एका चौरस मीटरला किती किलो लागेल ते लिहिलेलं असतं, त्यावरून आधी हिशेब मांडा. काम संपल्यावर हिशेबापेक्षा बराच माल शिल्लक राहिला, तर खूश होऊ नका. थर पातळ झाला आहे.

उंची किती? शॉवरच्या ओल्या भिंतींवर शॉवरच्या तोंडाच्या वरपर्यंत, बाथरूमच्या बाकी भिंतींवर जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर. उंबरा दोन्ही बाजूंनी आणि वरून गुंडाळायचा, आणि त्याचा माथा आतल्या बाजूला किंचित उतरता ठेवायचा. भिंतीत साबण-बाटल्यांसाठी कोनाडा करणार असाल तर त्याच्या तळालाही बाहेरच्या बाजूने उतार हवा. कोनाडा ही हौस आहे, आणि त्याच्या सगळ्या कोपऱ्यांचं जास्तीचं वॉटरप्रूफिंगही. हौस करायचीच तर बाहेरच्या भिंतीत करू नका.

लेप पूर्ण वाळल्यावर तीच तळाची चाचणी पुन्हा, या वेळी टाइल लावण्याआधी. २४ तास, शेजारी बादली. ही पायरी कुणी गाळायला सांगितली तर गाळू नका. नंतर इथपर्यंत यायचं तर पुन्हा हातोडाच लागतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी पाणी सहा मिलिमीटर घटलं आणि माझे हातपाय गार पडले. काकांनी खालच्या पाइपला कान लावला. आत बारीक धार चालू होती. लेप फुटला नव्हता, ट्रॅपमध्ये कोंबलेलं बूचच गळत होतं. हवा भरून फुगवायचं रबरी बूच आणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरलं. तळात दीड मिलिमीटर, बादलीतही दीड. पहिल्या चाचणीत पाणी घटलं तर आधी बूच तपासा, मग घाबरा.

यानंतर त्या तळात खिळा नाही, स्क्रू नाही, टोकदार बूट नाही. काचेचं दार बसवणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा. उंबऱ्याच्या माथ्यावर भोक पाडून चौकट बसवायची त्याची सवय असते. तिथे भोक पाडू देऊ नका. चिकटवायची चौकट मिळते.

टाइल लावताना

इथे आता फार सांगण्यासारखं नाही, कारण खरं काम झालेलं आहे. तरीही दोन-तीन गोष्टी.

पोर्सिलेनला टाइल अ‍ॅढेसिव्हच वापरा, आणि तेही सी२, म्हणजे जास्त पकडीच्या दर्जाचं. पाच गोळे नकोत. खाचांच्या थापीने अ‍ॅढेसिव्ह एकाच दिशेने ओढायचं, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा आणि टाइल दाबून किंचित सरकवायची म्हणजे खाचांमधली हवा निघून जाते. दर आठ-दहा टाइल्सनंतर एक ओलीच उचलून उलटी करून बघा. ओल्या जागेत पाठीचा ९५ टक्के भाग भरलेला हवा. ही उचलून बघायची सवय कारागिराला पहिल्या दिवशी आवडत नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच उचलून दाखवतो.

जमिनीला लहान टाइल घ्या. मोठी टाइल चारी बाजूंच्या उताराला वाकत नाही, लहान टाइल उताराबरोबर बसते आणि जास्त सांध्यांमुळे पायाला पकडही मिळते. अनवाणी पायांच्या ओल्या जागेसाठी टाइल्सना ए, बी, सी असे दर्जे असतात. शॉवरला बी हवा. सांधे निदान दोन-तीन मिलिमीटरचे ठेवा. टाइलला टाइल भिडवून लावली की दिसायला छान, पण त्या फटीत ग्राउट धड शिरत नाही आणि पाणी मात्र शिरतं.

भिंत आणि जमीन, भिंत आणि भिंत यांच्या कोपऱ्यांत ग्राउट भरू नका. दोन्ही बाजू आपापल्या हलतात, गरम पाण्याने फुगतात, आणि ग्राउटला वाकता येत नाही. पहिल्याच वर्षात केसाएवढी भेग पडते. तिथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन, तेही कोपरा पूर्ण कोरडा असताना.

एपॉक्सी ग्राउट डागांना दाद देत नाही, साफ राहतं, म्हणून मी तेच घेतलं. पण ते वॉटरप्रूफिंगला पर्याय नाही, आणि भरल्यावर वेळेत पुसलं नाही तर टाइलवर साय धरते ती निघता निघत नाही. सिमेंटचं ग्राउट घेतलंत तर अ‍ॅसिडचं क्लीनर घरात आणू नका. टाइल चमकते, सांधे झिजतात.

तरीही डाग दिसला तर

नवा शॉवर सुरू झाला आणि पलीकडचा डाग तसाच, म्हणून फोन करायला धावू नका. भिंतीत मुरलेलं पाणी निघायला महिने लागतात. शिवाय खार साचलेला गिलावा दमट हवेत हवेतलं बाष्प ओढून पुन्हा ओलसर दिसतो, मागे गळती नसतानासुद्धा. म्हणून डागाचा गिलावा वीतभर जास्त रुंदीत काढून टाका, उघडा ठेवा, प्लास्टिकच्या चाचणीत थेंब येईनासे झाले की नवा गिलावा करा. आम्ही रंग पाच महिन्यांनी लावला.

गिलावा काढण्याआधी डागाची कड पेन्सिलच्या रेघेच्या आत सरकते आहे का, एवढंच बघत राहा. आत सरकत असेल तर वाळतो आहे. रेघ ओलांडली तर पुन्हा पहिल्या चाचणीपासून सुरुवात, आणि या वेळी पाइपचे फोटो हाताशी आहेत. सिलिकॉन मात्र दर काही वर्षांनी काळं पडेल, कडेने सुटेल. ते काढून नवं भरायचं, त्यात काही बिघडलं नाही. अंघोळ झाल्यावर पंखा अर्धा तास चालू ठेवा, दार उघडं ठेवा.

आमच्याकडच्या रेघा आता रंगाखाली गेल्या आहेत. कपाट मात्र अजून भिंतीपासून हातभर पुढेच आहे, मागे टॉर्च मारून बघता येईल इतकं.